डॉक्टरांच्या सहीच्या वर

मी औषधं विकते, पण माझ्या दुकानाला काउंटर नाही. गुरुग्राममध्ये काचेच्या उंच इमारतींच्या मागच्या गल्लीत एक तळघर आहे. तिथे रॅक, फ्रिज, पॅकिंग करणारी चार माणसं आणि मी. लोकांना वाटतं, फोनवर बटण दाबलं की गोळ्या कुठूनशा आपोआप निघतात. आपोआप काही निघत नाही. जिथून औषध विकलं जातं तिथे नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर लागतो, म्हणून माझं प्रमाणपत्र त्या तळघराच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे आणि प्रत्येक बिलाच्या तळाशी माझा नोंदणी क्रमांक छापून येतो. अक्षरं इतकी बारीक की कुणी वाचायच्या भानगडीत पडत नाही. मी मात्र रोज पहिलं बिल निघालं की तो क्रमांक वाचते. गर्विष्ठ म्हणा, माझी हरकत नाही. आमच्या घराण्यात असा क्रमांक मिळवणारी मी पहिली.

वडील केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून होते. विदर्भातून बदली होऊन ते दिल्लीला आले आणि मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. दाराबाहेर हिंदी, दाराआत मराठी. आमचं घर बौद्ध. आजोबांना गावात ज्या विहिरीच्या जवळ फिरकू देत नसत, तिथे वडील पुढे सरळ जाऊन उभे राहिले ते कायद्याच्या जोरावर. त्यामुळे आमच्याकडे कायदा हा शब्द जरा आवाज खाली आणून, आदराने उच्चारला जाई. वडील वर्तमानपत्रातली कोर्टाची बातमी मोठ्याने वाचून दाखवत आणि आम्ही पोरं ताटावर बसून ती ऐकत असू. ‘नियम काय, कटकट आहे सगळी’ असं म्हणणारी माणसं मला अजूनही मनापासून आवडत नाहीत.

आणि नेमकी मी येऊन पडले ती अशा धंद्यात, जिथे कायदा काय म्हणतो ते कायद्यालाच धड ठाऊक नाही.

औषधांचा मूळ कायदा जुना. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुकान होतं: मागे कपाटं, पुढे काउंटर, समोर चिठ्ठी घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक. ऑनलाइन विक्रीसाठी वेगळ्या नियमांचा मसुदा निघाला, हरकती मागवल्या गेल्या आणि मसुदा मसुदाच राहिला. कोर्टात प्रकरणं गेली. मधूनच एखादं खातं कंपन्यांना नोटिसा पाठवतं, कंपन्या लांबलचक उत्तरं देतात आणि पार्सलं जातच राहतात. तापाच्या गोळीचं कुणाला काही पडलेलं नसतं. प्रश्न येतो तो झोपेच्या, घबराटीच्या, फिट्सच्या आणि जबर दुखण्यावरच्या गोळ्यांचा, ज्यांची सवय लागते. त्यातल्या सर्वांत कडक यादीला ऑनलाइनमध्ये आम्ही हातही लावत नाही. पण तिच्या अलीकडे एक मोठा पट्टा आहे, तिथे विकावं की नाही हे ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. त्यात आमचा परवाना हरियाणाचा आणि अर्धी गिऱ्हाइकं दिल्लीची. मग विक्री झाली कुठे? कंपनीचे वकीलसाहेब म्हणायचे, “मॅडम, ग्रे एरिया है.” मी एकदा त्यांना म्हटलं, “ग्रे एरिया में आपका क्या जाता है? बिल पर नंबर मेरा है.” ते हसले. मी हसले नाही.

या सगळ्या गोंधळात एक ओळ मात्र स्पष्ट होती आणि तिच्यावर माझा जीव होता. अशी गोळी दिली की चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख लिहायची. म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन माणूस दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. किती साधी गोष्ट आहे. शाई आणि कागद. पण आमच्याकडे चिठ्ठी येते ती फोटो होऊन. फोटोवर मी काय लिहिणार? मूळ कागद तर गिऱ्हाइकाच्या घरी, कोराच्या कोरा. तोच फोटो तो दहा ठिकाणी पाठवू शकतो.

आणि लोक पाठवत होते. एका चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता. तोच डाग मी तीन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या खात्यांवर पाहिला, झोपेच्या गोळ्यांसाठी. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि विचार करायला बसले.

त्यातून माझी पद्धत निघाली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातही नव्हतं. त्या पट्ट्यातल्या गोळीची मागणी आली की मी स्वतः फोन करायचा. समोरच्याला म्हणायचं, मूळ चिठ्ठी टेबलावर घ्या, पेन घ्या, डॉक्टरांच्या सहीच्या वर मी सांगते ते लिहा: आमच्या दुकानाचं नाव, गाव, आजची तारीख, इतक्या गोळ्या दिल्या. मग त्या कागदाचा नवा फोटो पाठवा. तो फोटो आला की पार्सल निघणार, नाही आला तर नाही. मला कागदापर्यंत पोचता येत नव्हतं, तर मी कागदाजवळच्या माणसाचा हात वापरला.

मॅनेजर वैतागले. पस्तिशीचे, हुशार आणि सदा घाईत. “मॅडम, ये तो जुगाड़ है. कस्टमर भाग जाएगा.” मी म्हटलं, जो पळेल तो पळायलाच हवा होता. त्यांनी वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, याला कायद्यात आधार नाही, पण विरोधही दिसत नाही. त्या धंद्यात एवढं म्हणजे आशीर्वादच. माझी पद्धत सुरू झाली आणि हळदीचा डाग पुन्हा आला नाही.

लोकांना ती आवडली असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण खरंच आवडली. दिल्लीत अर्ध्या घरांतून कुणी ना कुणी फाइलवर शेरे लिहिणारा असतोच. त्यांना घरबसल्या एक नोटिंग मिळालं. एका गृहस्थांनी ओळीखाली स्वतःच्या हुद्द्याचा शिक्का मारून पाठवला. एका बाईंनी पट्टी घेऊन ओळ आखली होती. मी ते फोटो बघून एकटीच हसायचे आणि मनात म्हणायचे, हे माझं आहे. फुशारकी होती, नाही म्हणत नाही.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या एका क्वार्टरमधून दर महिन्याला नव्या चिठ्ठीवर फिट्सच्या गोळीची मागणी यायची. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी हिंदीत बोलत होते. मागून कुकरची शिट्टी झाली आणि एक बाई म्हणाल्या, “अहो, कुकर बंद करा आधी, मग बोला.” मी तिथेच मराठीवर आले. त्या दिवसापासून ते काका आणि त्या काकू. काका मराठवाड्याचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. गोळी काकूंची. काका मला सुरुवातीला मॅडम म्हणायचे, मग ताई म्हणू लागले. त्यांनीच सांगितलं की एकदा सणाच्या गडबडीत दोन दिवस गोळी चुकली आणि काकू गॅससमोर कोसळल्या. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी काका मागणी टाकायचे.

माझी पद्धत सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात काकांनी हरकत घेतली.

“ताई, गोळ्या अजून तुमच्याकडे आहेत ना?”

“हो काका, फोटो आला की लगेच पाठवते.”

“मग ‘दिल्या’ असं कसं लिहू? मी बारा वर्षं स्टोअरची फाइल सांभाळली आहे. माल हातात आल्याशिवाय पोच लिहायची नाही, हे मी शिपायालाही शिकवलंय.”

“काका, ही पोच नाही. दुकानाच्या बाजूची नोंद आहे. मी दिलं म्हणजे दिलं.”

“बिल्कुल दिलं. पण मला मिळालं कुठे?”

मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, “माझ्यावर विश्वास नाही का?” हे वाक्य आपल्या माणसांवर कसं चालतं ते मला पक्कं ठाऊक होतं. काकांनी पेन उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “अच्छा, सांगा काय लिहायचं ते.” आणि त्यांनी सुंदर, गोल इंग्रजी अक्षरांत ओळ लिहून पाठवली. पुढे काही महिने त्यांनी न बोलता ती लिहिली, पार्सल वेळेवर गेलं आणि त्यांची हरकत मी विसरूनही गेले.

मग एक दिवस दुपारी तीनच्या सुमारास स्क्रीनवर अशा गोळ्यांची सगळी रॅक लाल झाली. कंपनीला कुठून तरी नोटीस आली होती. पुढचा सल्ला मिळेपर्यंत त्या पट्ट्यातलं काहीही विकायचं नाही, वाटेत असलेली पार्सलं परत बोलवायची. संध्याकाळपर्यंत आमची माणसं दारातून पार्सलं मागे घेऊन आली. मी ती मोजून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं काहीतरी ठरवतंय, असं वाटलं. परत आलेल्या त्या पाकिटांत लक्ष्मीबाई नगरचं पाकीटही होतं आणि ते ठेवताना माझा हात जरासुद्धा थबकला नाही.

थबकायला हवा होता. आठ दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, काकांचा फोन आला.

“ताई, आज येईल उद्या येईल म्हणून पार्सलची वाट बघितली, आता दोनच गोळ्या राहिल्यात. आजची आणि उद्याची.”

“काका, तिथल्या केमिस्टकडून घ्या ना. तुमच्याकडे चिठ्ठी आहे.”

“गेलो होतो. दोन दुकानं झाली. दोघांनीही चिठ्ठी वाचली आणि परत दिली. म्हणाले, औषध दिल्याची नोंद आहे, तारीख आहे, या कागदावर पुन्हा देता येणार नाही. बरोबर बोलले ते. मी असतो तरी नसतंच दिलं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. गिऱ्हाइकाने दुसरीकडे जाऊ नये म्हणून मी जी ओळ लिहून घेत होते, तीच काकूंच्या आणि त्यांच्या गोळीच्या मध्ये आडवी पडली होती. ओळ खोटी होती. काकांनी मला सांगितलं होतं की ती खोटी आहे आणि मी त्यांच्याकडून ती लिहून घेतली होती.

नवी चिठ्ठी मिळायला वेळ होता. सलग सुट्ट्या आल्या होत्या, त्या डॉक्टरांची ओपीडी थेट पुढच्या बुधवारी. फोनवर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून ही गोळी नव्याने लिहून घेता येण्यासारखी नव्हती. काकूंना इमर्जन्सीत नेता आलं असतं, काका त्या तयारीतही होते. पण चूक मी करायची आणि काकूंनी जाऊन बाकावर बसायचं, हे मला मान्य नव्हतं. त्यांच्या भाजलेल्या हाताचं ऐकलेलं होतं. रविवारी सकाळी त्या कुठे उभ्या असतील, हा एकच विचार डोक्यात फिरू लागला.

मी मॅनेजरना सांगितलं, चिठ्ठीवरची नोंद रद्द करून द्यावी लागेल. माझ्या सहीने. त्यांनी वकिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. वकील एकदम सावध झाले. “मॅडम, लिखित में कुछ मत दीजिए. अभी नोटिस चल रहा है. आप लिख देंगी कि ऑर्डर लिया था, माल नहीं गया, तो वो हमारे ही खिलाफ कागज़ हो गया. पेशेंट को बोलिए नया पर्चा बनवा ले.”

“पेशेंट के पास कल तक की दवा है,” मी म्हटलं.

“मैं समझता हूँ. लेकिन आपका रजिस्ट्रेशन भी तो है, उसका सोचिए.”

फोन बंद झाल्यावर मी कपाटासमोर जाऊन उभी राहिले. किल्ली माझ्याच गळ्यात होती. काकूंचं पाकीट आत तिसऱ्या खणात. ते पर्समध्ये टाकायचं आणि निघायचं, कोण बघणार होतं? पण बिल निघत नव्हतं आणि बिलाशिवाय हलवलेली गोळी म्हणजे चोरी. शिवाय तशी गोळी नेऊन दिली असती तर तो हळदीच्या डागाचा मालक आणि मी, दोघंही एकाच पंगतीत बसलो असतो. किल्ली मी तशीच ठेवली. वकिलांचं शेवटचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं होतं. रजिस्ट्रेशनचा विचार करा म्हणे. मी तोच करत होते. तो क्रमांक मला काय भिंत सजवायला दिला होता?

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दोनला संध्याकाळच्या पाळीची दुसरी फार्मासिस्ट कामावर आली, तिच्या हाती किल्ली दिली. मग स्टूल घेतलं, त्यावर चढले आणि माझं प्रमाणपत्र फ्रेमसकट भिंतीवरून उतरवलं. पॅकिंगची चारही माणसं बघत राहिली. ती फ्रेम कापडी पिशवीत मावेना, वरचा कोपरा बाहेर डोकावत राहिला. तशीच मेट्रोत शिरले.

तपासणीच्या मशीनमधून पिशवी गेली तेव्हा तिथली महिला शिपाई म्हणाली, “मैडम, ये क्या है?”

“मैं हूँ,” मी म्हटलं. तिने फ्रेम बाहेर काढून वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि परत दिली. गुरुग्रामपासून आयएनए स्टेशनपर्यंत बसायला जागा मिळाली नाही. एका हातात दांडा, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली फ्रेम. समोरच्या काचेत मला माझं ध्यान दिसत होतं. एरवी मला लाज वाटली असती.

दार काकूंनीच उघडलं. मी कल्पना केली होती त्यापेक्षा त्या उंच निघाल्या. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, फ्रेमकडे पाहिलं आणि विचारलं, “ही कशाला आणलीस?” मी म्हटलं, केमिस्टला दाखवायला. त्या चहा टाकायला गेल्या. कप पुढे करताना बाही मागे सरकली आणि तो हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, चकाकणारी. मी पटकन नजर वळवली, तर त्या म्हणाल्या, “बघ की, त्यात काय.”

मग समोर बसून सरळ म्हणाल्या, “यांनी तुला सांगितलं होतं ना, माल आल्याशिवाय लिहीत नाही म्हणून?”

“हो.”

“मग ऐकायचं होतंस.”

“चुकलं, काकू.”

“चुकलं ना? झालं तर मग. चहा पी.”

काका इतका वेळ खिडकीपाशी उभे होते. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चिठ्ठी काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “ताई, तुम्ही लिहायच्या आधी एकदा विचार करा. मी फाइलींत आयुष्य काढलंय. कागदावर जो लिहितो, तोच पुढे सापडतो. माझी बायको आहे, मी काहीतरी करीन. तुमची नोकरी जायला नको.”

पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्या नोकरीची काळजी माझ्या घराबाहेरच्या कुणी पहिल्यांदाच केली होती. डोळ्यांत पाणी आलं. मी चिठ्ठी उचलली आणि म्हटलं, “चला काका, दुकानात जाऊ. तिथेच लिहीन, त्यांच्यासमोर.”

दुकान क्वार्टर्सच्या बाजाराच्या टोकाला होतं. मालक सत्तरीचे, पांढरी दाढी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. काकांना पाहताच म्हणाले, “भाईसाहब, मैंने सुबह बोला था ना…”

“आपने बिल्कुल ठीक बोला था,” मी मध्येच म्हटलं. “गलती मेरी है. ये एंट्री मैंने लिखवाई थी, दवा पहुँची ही नहीं.” आणि फ्रेम काउंटरवर ठेवली.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बाहीने काच पुसली. प्रमाणपत्रावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. फोटो बावीस वर्षांच्या मुलीचा होता, त्यामुळे त्यांना थोडा वेळ लागला. मी पेन काढलं. डॉक्टरांच्या सहीच्या वरची जागा काकांच्या गोल अक्षरांनी भरलेली होती, म्हणून त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि बाजूच्या मोकळ्या जागेत इंग्रजीत लिहिलं: वरील नोंद रद्द. या चिठ्ठीवर औषध दिले गेलेले नाही. मागणी स्वीकारली होती, पार्सल परत बोलावले. खाली तारीख, सही, पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक.  लिहून झाल्यावर मीच ते पुन्हा वाचलं. त्या कागदावर आता एकही खोटं अक्षर नव्हतं.

मालकांनी क्रमांक फ्रेमवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. एकेक आकडा, बोट ठेवून. मग म्हणाले, “मैडम, आप जानती हैं ना, ये कागज़ कल किसी के हाथ में गया तो पूछने आपके ही पास आएँगे.”

“भेज दीजिएगा. पता नीचे लिख देती हूँ.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “ऑनलाइन वालों का चेहरा पहली बार देख रहा हूँ,” ते म्हणाले आणि मागच्या कपाटाकडे वळले. गोळ्यांचे तीन पत्ते काढले, तारखा तपासल्या, वेगळ्या रजिस्टरमध्ये काकूंचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि संख्या लिहिली, चिठ्ठीवर आपला शिक्का मारला. त्यांचं प्रत्येक काम मी मनात मोजत होते आणि प्रत्येक काम जसं व्हायला हवं तसंच होत होतं. मला इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. माझा, त्यांचा, आमच्या या धंद्याचा. कुणी टाळ्या वाजवत नाही असं काम, पण ते नीट केलं की रविवारी सकाळी एक बाई स्वयंपाकघरात पाय रोवून उभी राहते.

काकांनी पत्ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले, वर बटण लावलं. “आता पोच लिहू?” ते म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

शनिवारी मी फ्रेम परत भिंतीवर लावली आणि माझी पद्धत बदलली. रॅक पुन्हा उघडेल तेव्हा उघडेल, पण ओळ लिहायची ती पार्सल हातात पडल्यावर, आमचा माणूस दारात उभा असताना. मग परत आलेल्या इतर पार्सलांची यादी काढली आणि एकेकाला फोन केले. आणखी दोघं तसेच अडकलेले निघाले. त्यांनाही त्यांच्या जवळच्या केमिस्टकडे जाऊन तसंच लिहून दिलं. या वेळी कुणाला विचारलं नाही, तिन्ही नोंदी आमच्या रजिस्टरमध्ये मात्र लिहून ठेवल्या.

सुट्ट्या संपल्यावर मॅनेजरनी मला वर, त्यांच्या काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर वकिलांनी तयार केलेलं एक पत्र होतं. “यार मॅडम, फॉर्मॅलिटी है,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. पत्रात लिहिलं होतं की संबंधित फार्मासिस्टने कंपनीच्या स्पष्ट सूचनेविरुद्ध, कंपनीला न कळवता, केवळ स्वतःच्या जबाबदारीवर आणि स्वतःच्या हस्ताक्षरात तीन चिठ्ठ्यांवरच्या नोंदी रद्द केल्या. त्याच्या सर्व परिणामांना ती एकटी जबाबदार राहील. उद्या कुणी विचारायला आलं तर हे पत्र पुढे करायचं, एवढंच त्याचं काम होतं.

मी ते दोनदा वाचलं. ‘कंपनीला न कळवता’ हे खोडून मी ‘एक आधी कळवून, दोन न कळवता’ असं केलं, कारण पहिल्या चिठ्ठीचं मी त्यांना कळवलं होतं, त्याच खोलीत, स्पीकरवर.  बाकी पत्र मला मान्य होतं. स्वतःच्या जबाबदारीवर केलं होतं, स्वतःच्या हस्ताक्षरात केलं होतं. लाज वाटावी म्हणून लिहिलेले ते शब्द वाचताना माझी मान आपसूक ताठ होत गेली. सही केली, खाली नोंदणी क्रमांक घातला, जो कुणी मागितला नव्हता. मग पेन बंद करता करता थांबले आणि आणखी एक ओळ लिहिली: तिन्ही रुग्णांना औषध एकही दिवस न चुकता मिळाले.

मॅनेजरनी कागद आपल्याकडे फिरवून वाचला.

“मॅडम, ये लाइन तो इसमें थी नहीं.”

“नव्हती,” मी मराठीतच म्हणाले. “म्हणून लिहिली.”